जुनीं साम्राज्यें आणि रयतेचें खळें

[महात्मा जोतीराव फुले यांच्या पुण्यतिथीनिमित्त मेढा (जावली) येथें जमलेल्या मंडळींपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.]



आजच्या दिवशीं जोतीरावांच्या चरित्रावर बोलणारे पुष्कळ आहेत. तें काम माझ्याहून जाणत्या माणसांनीं करावें. मीं आज निराळा विषय घेतला आहे. इ. स. १००० पासून सुमारें १६५० पर्यंत जगांत मोठमोठीं राज्यें होऊन गेलीं. त्यांनीं कारभार कसा केला, व्यापार कसा चालविला आणि देवधर्म कसा चालविला, हें आपल्या मुलुखाशेजारीं ठेवून पाहावें असा माझा विचार आहे.

विषय दूरचा वाटेल. पण तो मोजण्याचें माप जोतीरावांनींच आपल्या हातीं दिलेलें आहे. त्यांचें घराणें मूळचें आपल्या सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें मांडलें त्याचा मतलब असा कीं, सरकारचा वसूल येतो रयतेच्या घामांतून, आणि त्यांतून विद्या मात्र मिळते वरच्या वर्गांच्या मुलांना. पैसा कोणाचा आणि त्याचा उपयोग कोणाला, हा तो प्रश्न. तोच मी आज जुन्या साम्राज्यांना विचारणार आहें.

पुस्तकांत राज्य मोजतात तें किल्ल्यांवर, फौजेवर आणि राजवाड्यांवर. शेतकऱ्यानें तें आपल्या खळ्यावर मोजावें. खळ्यावर रास पडली कीं तिच्याकडे तीन हात पुढें येतात : एक राजाचा, दुसरा व्यापाऱ्याचा, तिसरा देवाच्या नांवानें मागणाऱ्याचा. या तिघांनीं नेल्यावर घरांत काय उरलें, आणि नेल्याचा हिशेब लिहिणारा कोण व वाचणारा कोण, एवढें पाहिलें म्हणजे राज्याची पारख होते.

पहिला हात : राजाचा

प्रथम आपली जावळी घेऊं. हें खोरें मोऱ्यांचें. ‘चंद्रराव’ हा त्यांचा किताब विजापूरच्या आदिलशाही दरबारचा. विजापूर येथून कितीतरी मजला दूर. तरी तेथल्या तिजोरींत या डोंगरांतल्या भाताचा आणि नाचणीचा अंश पोंचे. तो पोंचे कसा? मधें साखळी होती. बादशहाखालीं सरदार, सरदाराखालीं देशमुख-देशपांडे, त्यांच्याखालीं पाटील-कुलकर्णी, सर्वांच्या तळाशीं नांगरावर वांकलेला कुणबी, आणि त्याच्याही खालीं बिगारींत धरलेला महार. प्रत्येक कडी आपला वाटा काढून घेई व उरलेलें वर देई. १३४७ त बहामनी राज्य उभें राहिलें, पुढें तें फुटून आदिलशाही आली. वरची कडी बदलली, खालच्या कड्या जागच्या जागीं राहिल्या.

हीच साखळी जगभर दिसते. इंग्लंडांत १०६६ सालीं नॉर्मंडीचा विल्यम राजा झाला. त्यानें १०८६ त गांवोगांव माणसें पाठवून जमीन, नांगर, गुरें आणि कुळें यांची मोजदाद करविली. त्या वहीला लोक ‘डूम्सडे’ म्हणजे अखेरच्या न्यायाच्या दिवसाची वही म्हणूं लागले. कारण तींत लिहिलें त्यावर दाद नाहीं. वही लॅटिन भाषेंत होती. ज्याचे बैल तींत मोजले, त्या कुळाला ती भाषाच ठाऊक नव्हती.

दक्षिण अमेरिकेंत पेरू देशीं इंका लोकांचें राज्य पंधराव्या शतकांत वाढलें, तें १५३३ च्या सुमारास स्पॅनिश लोकांनीं बुडविलें. इंकांजवळ आपल्यासारखी लिपि नव्हती. रंगीत दोऱ्यांना गांठी मारून ते धान्य, माणसें आणि कामाचे दिवस नोंदीत. जमिनीचे तीन भाग असत : एक राजाचा, एक सूर्यदेवाचा, एक गांवकऱ्यांचा. सारा पैशांत नसे; अंगमेहनतीनें फेडावा लागे. त्याला ते ‘मिता’ म्हणत. आपली वेठच ती. तरी एक गोष्ट त्यांच्या पदरीं टाकली पाहिजे. त्यांनीं डोंगराळ मुलुखांत जागोजाग धान्याचीं कोठारें बांधलीं होतीं, आणि नड पडली म्हणजे तीं लोकांसाठीं उघडीत. आपल्याकडे १३९६ पासून दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षें चालला असें परंपरा सांगते. त्यांत गांवेंच्या गांवें ओस पडलीं. कोठाराच्या बाबतींत इंका शहाणे ठरले. पण गांठी वाचण्याची विद्या त्यांनींही नेमलेल्या माणसांपुरतीच ठेवली. कुझको येथल्या शाळेंत सरदारांचीं मुलें शिकत, नांगऱ्याचीं नव्हे. कागद असो कीं दोरी असो, कुलकर्णी असतोच!

आतां चीन पाहूं. तेथें सुंग घराण्याच्या काळीं, म्हणजे ९६० ते १२७९ या वर्षांत, अंमलदार परीक्षेनें नेमण्याची चाल फार वाढली. उमेदवाराचें नांव झांकीत. अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून उत्तरपत्रिका दुसऱ्या लेखकाकडून उतरवून मग तपासणाऱ्याकडे देत. जन्मावर नव्हे, विद्येवर अधिकार, हें तत्त्व त्यांनीं इतक्या जुन्या काळीं मान्य केलें याबद्दल त्यांना शाबासकी दिली पाहिजे. पण त्या परीक्षेसाठीं वर्षानुवर्षें जुने ग्रंथ घोकावे लागत. ज्याचें पोर सकाळीं गुरांमागें जातें त्यानें तें कसें करावें? परीक्षेचें दार उघडें होतें, पण दारापर्यंतची वाट पैसेवाल्याच्या शेतांतून जात होती.

आपल्या देशांतील चोळ राज्याची गोष्ट तर सभांतून नेहमीं अभिमानानें सांगतात. तामिळ मुलुखांत उत्तरमेरूर येथें दहाव्या शतकांतले शिलालेख आहेत. चिठ्ठ्या मडक्यांत टाकून लहान मुलाकडून काढवीत आणि गांवच्या समित्या नेमीत, असें त्यांत आहे. ही आपली प्राचीन लोकशाही, असें वक्ते म्हणतात. पण तोच लेख पुढें वाचावा. चिठ्ठी कोणाच्या नांवाची? ज्याची स्वतःची सारा भरणारी जमीन आहे, स्वतःच्या जागेवर घर आहे, वय पस्तीस ते सत्तर आहे, आणि जो वेद जाणतो, त्याची. गांव ब्राह्मणांना दान दिलेलें होतें. तेथें नांगर धरणाऱ्याची चिठ्ठी मडक्यांत पडतच नव्हती. शिलालेख खोटा नाहीं. अर्धाच वाचून दाखविला जातो.

तुर्कांच्या उस्मानी राज्यांत आणखी एक तऱ्हा होती. ख्रिस्ती शेतकऱ्यांचीं मुलें जबरीनें नेऊन, त्यांना मुसलमान करून, लष्करांत व दरबारांत वाढवीत. त्यांतलीं कांहीं वजीरपदापर्यंत चढलीं. शेतकऱ्याचें पोर वजीर झालें खरें. पण त्याचा गांव होता तेथेंच राहिला. आपल्यांतला एक वर चढला म्हणजे आपण सगळे चढलों, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

पुन्हा आपल्याकडे या. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहानें, ज्याची कारकीर्द १५३४ ते १५५८, दफ्तरांतून फारशी काढून हिशेब देशी भाषेंत ठेवण्याचा हुकूम केला, असें फिरिस्ता हा इतिहासकार लिहितो. भाषा लोकांची झाली; केवढी मोठी गोष्ट! पण तोच लिहितो कीं तें दफ्तर ब्राह्मण कारकुनांच्या हातीं गेलें. भाषा आपली, मोडी अक्षर आपलें, आणि वाचणारा मात्र दुसरा. माझें भांडण कोणा कुळाशीं नाहीं. विद्येच्या मक्त्याशीं आहे. मग तो मक्ता कोणत्याही जातीच्या हातीं असो.

दुसरा हात : व्यापाऱ्याचा

आपल्या डोंगरांतून पार घाटानें कोंकणांत उतरतां येतें. कोंकणचें मीठ वर यावें, देशावरचें धान्य खालीं जावें, तें बैलांच्या पाठीवरून अशा घाटांनीं. जावळी ज्याच्या हातीं त्याच्या हातीं या वाटा, आणि वाटांबरोबर जकात. या खोऱ्याचें महत्त्व नाचणीपेक्षां घाटांत अधिक होतें.

बंदरावर उतरलेल्या परदेशी माणसाची एक हकीकत सांगतों. आफानासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौल बंदरीं उतरला. त्याच्याजवळ विकायला एक घोडा होता. तो जुन्नरास गेला, तेव्हां तेथल्या खानानें घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतों, अशी अट घातली. शेवटीं एका खुरासानी अंमलदारानें मध्यस्थी केली म्हणून घोडाही मिळाला आणि धर्मही वांचला. एका घोड्याच्या पायीं राजा, व्यापार आणि धर्म तिघेही एकत्र आले पाहा!

पुढें तो बीदरला गेला. बहामनी राज्य तेव्हां भरभराटींत होतें. महंमूद गावान हा इराणांतून व्यापारी म्हणून आलेला हुशार मनुष्य वजीर होता. त्यानें बांधलेली १४७२ ची मदरसा बीदरला आजही उभी आहे. निकितिननें तेथें काय पाहिलें? सरदार रुप्याच्या मेण्यांतून मिरवतात आणि खेड्यांतली माणसें अति दरिद्री आहेत. परमुलुखांतून आलेल्या माणसाला जें पहिल्या दृष्टीस दिसलें, तें आपल्या बखरींत क्वचितच सांपडतें.

या काळचे व्यापारी कांहीं दुबळे नव्हते. ऐहोळेच्या ‘पांचशें स्वामीं’चा व्यापारी संघ सगळ्या दक्षिणेंत पसरला होता, कोल्हापूर-मिरजेकडच्या शिलालेखांतही त्याचे उल्लेख येतात. १५१० त पोर्तुगीजांनीं गोवें घेतल्यावर तर समुद्रच जकातीखालीं आला. त्यांचा परवाना जवळ नसला तर ते गलबत धरीत. घाटावर देशमुख आणि दर्यावर फिरंगी, एवढाच फरक.

आफ्रिकेंतलें माली राज्य सोन्याबद्दल प्रसिद्ध होतें. तेथला राजा मन्सा मुसा १३२४ त मक्केस जातांना कैरो शहरीं इतकें सोनें वांटीत गेला कीं तेथें सोन्याचा भाव उतरला. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी आपल्या देवगिरीस येऊन गेला होता, आणि १३५२-५३ त मालीसही गेला. मालींत वाटसरूला चोराचें भय नाहीं, अशी त्यानें तारीफ केली आहे. पण त्याच वाटेवर तगाझा येथें मिठाच्या खाणी होत्या. त्या खणणारे गुलाम होते, आणि राहायचीं घरें मिठाच्याच चिरांचीं. सोन्याची गोष्ट जगभर झाली. मीठ खणणाऱ्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं.

आतां सावकाराचें. हा विषय आपल्याला शिकवायला नको. चीनांत वांग आन-शी नांवाच्या प्रधानानें १०६९ सालीं एक योजना काढली. शेतकरी पेरणीच्या वेळीं सावकाराच्या तोंडीं जातो, तर त्या वेळीं सरकारनेंच कमी व्याजानें कर्ज द्यावें आणि सुगीला वसूल करावें. आपल्याकडील तगाईचा हा आजाच म्हणावयाचा. जमीनदारांनीं आणि सनातनी पंडितांनीं तिच्याविरुद्ध ओरड केली. अंमलदारांनीं आपला आंकडा भरावा म्हणून नको त्याच्याही गळ्यांत कर्ज बांधलें, आणि थोड्याच वर्षांत योजना बुडाली. योजना चांगली होती. पण ज्याच्यासाठीं ती होती त्याला कागद वाचतां येत नव्हता, आणि ज्याला येत होता त्याचें पोट तिच्या बुडण्यांत होतें.

न वाचतां येणारा मनुष्य शेवटीं काय करतो? कागद जाळतो. १३८१ सालीं इंग्लंडांत शेतकऱ्यांचें बंड झालें, तेव्हां त्यांनीं ठिकठिकाणीं जमीनदारांच्या कचेऱ्यांतील कुळांच्या नोंदवह्या शोधून पेटविल्या. आणि १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं आपल्या कुणब्यांनीं काय केलें? सावकारांचीं खतें काढून त्यांची होळी केली. तें लोण त्याच वर्षीं त्या वेळच्या सातारा जिल्ह्यांतील कोकरूडपर्यंत आलें. मध्यें पांचशें वर्षें आणि सात समुद्र. पण दोघांचा राग एकाच वस्तूवर! ज्या कागदानें आपल्याला बांधलें आणि जो आपल्याला वाचतां येत नाहीं, त्या कागदावर.

तिसरा हात : देवाच्या नांवाचा

देवाबद्दल मी कांहीं वांकडें बोलणार नाहीं. बोलणार आहें तें देवाच्या नांवानें घेणाऱ्यांबद्दल. युरोपांत शेतकऱ्याच्या पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे. धर्मग्रंथ लॅटिनमध्यें. इंग्लंडांत विक्लिफ नांवाच्या पंडिताच्या प्रेरणेनें १३८० च्या सुमारास बायबल लोकांच्या इंग्रजी भाषेंत आलें. तो १३८४ त मेला. पण धर्माधिकाऱ्यांचा राग इतका कीं १४२८ त त्याचीं हाडें उकरून जाळलीं. आणि आपले ज्ञानेश्वर त्याच्या आधीं सुमारें नव्वद वर्षें, १२९० त, गीता मराठींत सांगून गेले. महानुभावांनीं तर मराठीलाच धर्मभाषा केलें. या बाबतींत आपला मुलूख इंग्लंडच्या पुढें होता, हें मुलांना अवश्य सांगावें.

पण त्याच देवगिरीच्या राज्यांत हेमाद्रि पंडित, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतों, तो काय करीत होता? तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा मुख्य. आणि त्यानेंच ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा व्रतें, दानें, तीर्थें आणि श्राद्धें यांचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. सरकारचा हिशेब ज्याच्या हातीं, त्याच हातीं पुण्याचाही हिशेब! असा योग जगांत अनेक ठिकाणीं दिसतो. धर्म कोणताही असो, उपाध्याय करांतून मोकळा. मंगोल बादशहांनीं तर सर्व धर्मांच्या उपाध्यायांना सारखीच करमाफी दिली. समता आली, ती घेणाऱ्यांत आली! आणि गोव्यांत १५६० पासून पोर्तुगीजांनीं इन्क्विझिशन बसवून धर्माच्या नांवानें माणसांना तुरुंग आणि जाळ दाखविला. असा हात एकाच धर्माचा असतो असें कोणीं समजूं नये.

या सगळ्यांत आपल्याला विसरतां न येणारी गोष्ट चोखोबांची. परंपरा सांगते कीं १३३८ सालीं मंगळवेढ्यास गांवकुसाच्या कामावर महारांना वेठीस धरलें होतें. कूस कोसळलें आणि त्याखालीं चोखोबा गेले. या वेळेपर्यंत देवगिरीचें यादव राज्य बुडून वीस वर्षें झालीं होतीं, मुलूख दिल्लीच्या तुघलकाचा होता. राजा बदलला, धर्म बदलला, राजधानी बदलली. वेठ तीच राहिली, आणि वेठीला धरलेला माणूसही तोच. ज्या देवासाठीं त्यांनीं जन्म घालविला, त्याच्या दाराबाहेर त्यांची समाधि झाली. पंढरपूरचें तें दार अस्पृश्य म्हटलेल्या बांधवांना १९४७ सालीं, साने गुरुजींच्या उपोषणानंतर, उघडलें. सहाशें नऊ वर्षें! कोणतें साम्राज्य मोठें होतें, हें आतां सांगा.

मग आपलें राज्य कोणतें?

कोणी विचारील, सगळीं राज्यें सारखींच काय? नाहीं. १६५६ च्या जानेवारींत शिवछत्रपतींनीं जावळी घेतली. सभासद आपल्या बखरींत सांगतो कीं वतनदार रयतेवर मनास येईल तशी वसुली करीत. महाराजांनीं त्यांचे बुरुजबंद वाडे पाडविले, काठीनें जमीन मोजविली, पिकाच्या पांच हिश्शांपैकीं तीन रयतेला व दोन सरकारला असा ठराव केला, आणि नव्या कुळांना गुरें व बी-बियाणें देऊन त्याची फेड सवडीनें घेतली. त्यांनीं बादशहा तेवढा बदलला नाहीं; साखळीलाच हात घातला. म्हणून रयत त्यांना आपला राजा म्हणते.

पण पुढचेंही सांगितलें पाहिजे. मोंगलांशीं झगडा पेटला तेव्हां राजाराम महाराजांच्या काळांत वतनें-इनामें पुन्हा वांटावीं लागलीं, आणि पुढें पेशवाईंत साखळी पूर्ववत् घट्ट झाली. रयतेनें अडविलें कां नाहीं? काय कागदावर होतें तेंच तिला कळत नव्हतें. चांगल्या राजाचा कायदा राजाबरोबर जातो. तो राखायला वाचणारी रयत लागते. हें शाहू छत्रपतींनीं ओळखलें. १९१७ त कोल्हापूर संस्थानांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि १९१८ त कुलकर्णी वतनें रद्द केलीं. एका हातानें पाटी दिली, दुसऱ्यानें मक्ता काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ त काले येथें रयत शिक्षण संस्था काढली व पुढें साताऱ्यास वसतिगृह चालविलें, तें ह्याच कामासाठीं. मुंबई राज्यांत परगणा व कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं.

आज आपल्यावर बादशहा नाहीं, देशमुख नाहीं. पण तीन हात आहेत. त्यांचे अंगरखे तेवढे नवे आहेत. कर आहे, बाजार आहे, कर्ज आहे, जत्रा-लग्नांचा खर्च आहे. यांतले कांहीं हात उपयोगाचेही आहेत. शाळा, रस्ता, दवाखाना यांना पैसा लागतोच. प्रश्न हिशेबाचा आहे. ग्रामसभेंत जमाखर्च वाचला जातो तेव्हां आपल्यापैकीं किती जण बसतात? सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर सही करण्याआधीं किती जण तो वाचतात? सातबारा हातीं आल्यावर त्यांतले रकाने आपणच समजून घेतों, कीं दुसऱ्याला विचारतों?

आणि आपल्यांतला कोणी निवडून आला, साहेब झाला, म्हणजे हिशेब मागायचा नाहीं असें समजूं नका. चंद्रराव मोरे मराठाच होते. जात एक असल्यानें खळ्यावरची रास वाढत नाहीं.

म्हणून माझें मागणें थोडें आहे. लावणीच्या दिवसांत मुलाला शाळेंतून काढून शेतांत न्यायचें असेल तर न्या, पण चार दिवसांनीं परत आणून बसवा. मुलीला सातवीनंतर घरीं ठेवूं नका; घरचा हिशेब तीच ठेवणार आहे, तर तो नीट ठेवूं द्या. आणि घरांत जो शिकलेला असेल त्यानें महिन्यांतून एकदां घरचे सगळे कागद काढून आईबापांपुढें मोठ्यानें वाचावे. इंग्लंडच्या आणि सुप्याच्या शेतकऱ्यांनीं कागद जाळले. आपल्याला ते वाचायचे आहेत. जळालेला कागद सावकार पुन्हा लिहून आणतो. वाचलेल्या कागदांत मात्र त्याला एक काना वाढवितां येत नाहीं.